घोरपड आणि करवत

मागच्या विकांताला मलकापूरला घरी गेलो होतो. शेताच्या बांधावर घोरपड दिसली. चांगली दोन-अडीच हात लांब, जीभ आतबाहेर करत निवांत ऊन खात होती. आईला म्हटलं, "अजून आहेत होय?"

"हाइत की. पर कुणाला बोलू नगंस."

तिचं बरोबर होतं. लहानपणी आज्जीच्या गुडघ्यांना घोरपडीचं तेल मीच चोळायचो. गुडघे शेवटपर्यंत दुखतच राहिले. तानाजीच्या गोष्टीतली यशवंती आपल्याला पाठ असते, आणि घरात बाटली तेलाची! शहरातले लोकही काही कमी नाहीत. ऑनलाइन 'हत्था जोडी' नावाची शुभ मुळी म्हणून घोरपडीच्या नराचं वाळवलेलं लिंग विकतात, हे २०१७ साली उघड झालं.

दुसऱ्या दिवशी आंबा घाट उतरून रत्नागिरीला मित्राकडे गेलो. त्याच्या भिंतीवर करवत माशाची जुनी करवत टांगलेली, आजोबांच्या जाळ्यात आलेली. हा मासा पाकटाच्या जातकुळीतला. मित्राच्या वडिलांनी जन्मभर मासेमारी केली, पण त्यांना जिवंत करवत मासा एकदाही दिसला नाही.

कायद्यात दोघांचं स्थान एकच, अनुसूची १. करवत मासा त्यात २००१ साली आला. पण मरण्याची तऱ्हा वेगळी. घोरपडीला कुणीतरी शोधून मारतं. करवत माशाला शोधत कुणी जात नाही, दुसऱ्याच माशांसाठी टाकलेल्या जाळ्यात त्याची करवत अडकते. त्यात पिल्लं मोजकी, म्हणून संख्या भरून निघत नाही. आमच्या भाषेत, एक मुद्दाम केलेला हल्ला आणि दुसरा साईड इफेक्ट. दोन्हींना एकच पॅच कसा चालेल?

चुकून अडकलेल्या माशाबद्दल कोळी भीतीपोटी गप्प बसला, तर मासाही जातो आणि नोंदही. म्हणून महाराष्ट्र सरकारची २०१८ ची योजना मला आवडली: जाळं कापून संरक्षित जीव सोडा, फोटो-व्हिडिओ दाखवा, फाटलेल्या जाळ्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई घ्या. तिथे बोललं तर जीव वाचतो.

आणि घोरपड? तिच्याबाबतीत आईचंच खरं. मोबाईलवर फोटो काढला होता, त्यात जागेचं लोकेशनही होतं. पुण्याच्या बसमध्ये बसल्यावर डिलीट केला. बांध कुठला, विचारू नका.