अकरा महिन्यांची नोकरी

लक्ष्मीपुरीच्या धान्यबाजारात कडधान्याची पेढी चालविणाऱ्या एका गृहस्थांची कन्या शिवाजी विद्यापीठातून संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाली, तेव्हा घरच्यांनी तिच्यासाठी दोनच वाटा गृहीत धरल्या होत्या : बँकेची परीक्षा, नाहीतर पेढीवरचे जीएसटीचे काम. तिला मात्र वैद्यकीय विद्यापीठातील संशोधनाच्या नोंदी सांभाळण्याचे काम हवे होते. ‘‘डॉक्टर नसताना दवाखान्यात तुझे काय काम?’’ हा वडिलांचा प्रश्न अगदीच अनाठायी नव्हता.

अशी नोकरी शोधणेही सोपे नसते. जाहिरातीत ‘संख्याशास्त्रज्ञ’ हा शब्द क्वचितच आढळतो. पद असते ‘प्रकल्प साहाय्यक’ किंवा ‘डेटा एन्ट्री ऑपरेटर’. जाहिरात बहुधा संस्थेच्या संकेतस्थळाच्या एखाद्या कोपऱ्यात, मुदत थोडी, पगार ठोक आणि नेमणूक प्रकल्पापुरती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा निधी कोणत्या विभागाला मिळाला हे आधी पाहावे आणि तेथील प्राध्यापकांना सरळ जाऊन भेटावे, हे तिला काही महिन्यांनी उमगले. माल पाहिल्याशिवाय सौदा न करणाऱ्या घरातल्या मुलीला हे इतक्या उशिरा सुचावे, याचे नवलच.

नेमणूक मिळाली ती अकरा महिन्यांची. ‘‘अगं, अकरा महिन्यांचा तर भाडेकरार असतो,’’ वडील म्हणाले. स्थळाला पाठवायच्या कागदावर नोकरी काय म्हणून लिहायची, ही आईची निराळीच चिंता.

वडील तुरीच्या खरेदीसाठी वर्षानुवर्षे बार्शीला जात. ‘‘अण्णा, बार्शीत तुरीखेरीज काय पाहिलंत?’’ असे तिने एका रात्री विचारले आणि तेथील कर्करोग रुग्णालयाची हकीकत सांगितली. आसपासच्या खेड्यांतील कर्करोगाच्या रुग्णांची नोंद तेथे १९८७ पासून ठेवली जाते. ग्रामीण भागासाठी देशातील ही पहिलीच नोंदणी. पुढे शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांना गट पाडून एका अभ्यासात घेतले गेले. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे त्यातून २००९ मध्ये जगापुढे आले. ‘‘कोण वारलं, कोण गाव सोडून गेलं, कुणाचं नाव दोनदा लागलं, हे वर्षानुवर्षे कुणीतरी तपासत बसलं, म्हणून हे कळलं. ते काम डॉक्टरांचं एकट्याचं नव्हे.’’

वडील काही वेळ गप्प राहिले. रोजमेळात साडेतीन रुपयांचा फरक राहिला म्हणून एका दिवाळीला त्यांनी मध्यरात्रीपर्यंत पेढी उघडी ठेवली होती. ‘‘म्हणजे खतावणीच की,’’ ते म्हणाले.

अकरांपैकी चार महिने आता उरले आहेत. रात्रीच्या वेळी ती पुढच्या जाहिराती शोधते. वडील चष्मा लावून अर्जाची शेवटची तारीख दोनदा वाचून घेतात. आईने स्थळाच्या कागदावरची ती ओळ अजून कोरीच ठेवली आहे.