मागच्या फळीतला माणूस

२०११ सालच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील एक माता धर्मगुरुनिवासाच्या ओट्यावर येऊन बसली. मुलगा अकरावीला, शाखा विज्ञान, आणि पायात सदा चिखलाचे बूट. जिल्ह्याच्या फुटबॉल संघात 'बॅक' म्हणून त्याची निवड झाली होती. "फादर, तुम्हीच सांगा त्याला. आमचं नाही ऐकत, तुमचं ऐकेल." आम्ही त्या मुलास बोलावून घेतले आणि खेळ चार दिवसांचा, शिक्षण जन्माचे, असे त्यास समजावून सांगितले. त्याने मान खाली घालून ऐकले. पुढच्या आठवड्यापासून तो मैदानावर दिसेनासा झाला. आईने आमचे आभार मानले, आणि आम्हीही एक सत्कार्य केल्याच्या समाधानात राहिलो.

या गोष्टीची बोच आम्हांस निराळ्याच कारणाने आहे. तिच्या दोनच वर्षे आधी, २००९ साली, आम्ही अमेरिकेतील लुईझियाना राज्यात तीन महिने पर्यायी धर्मगुरू म्हणून सेवा केली होती. त्या राज्यात जिल्ह्यालाच 'पॅरिश' म्हणतात. फ्रेंच आणि स्पॅनिश अमदानीत ख्रिस्तसभेने पाडलेले धर्मग्राम पुढे सरकारनेही तसेच ठेवले, अशा चौसष्ट पॅरिश आज तिथे आहेत. कॅनडातून इंग्रजांनी १७५५ पासून हाकलून लावलेल्या फ्रेंच भाषिक कॅथलिकांचे वंशज या भागात राहतात, आणि त्यांच्या मूळ भूमीच्या नावावरूनच एका पॅरिशला 'अकेडिया' हे नाव पडले. तिचे मुख्य गाव क्रॉली. सभोवार पाहावे तिकडे भातशेती. पाण्याने भरलेली ती खाचरे पाहून आम्हांस आपल्या वसईची आठवण न झाली तरच नवल.

मिस्सानंतर सभागृहात कॉफी पिता पिता एका वृद्ध शेतकऱ्याने आम्हांस क्रॉलीच्या टॉमी कॅसानोव्हाची कथा ऐकवली. फुटबॉल म्हणताच आम्ही मोठ्या जाणकारीने मान डोलावली. सेमिनरीत असताना आम्हीही बॅक होतो ना! पण त्यांचा फुटबॉल वेगळा. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, आणि पायांपेक्षा हातांनीच अधिक खेळला जाणारा. दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात. १९०६ साली चेंडू पुढे फेकण्यास नियमाने मुभा मिळाली, आणि फेकलेला चेंडू अडवणे हे बचावाच्या शेवटच्या फळीचे मोठे काम होऊन बसले. या फळीतल्या खेळाडूस 'डिफेन्सिव्ह बॅक' म्हणतात. समोरचा गडी तोंड पुढे करून धावतो आणि कुठे वळायचे ते त्यालाच ठाऊक असते. याला मात्र पाठमोरे धावत त्याच्या कमरेकडे पाहत त्याचा मनसुबा ओळखावा लागतो. याची चूक झाली की मागे सावरायला कुणी नाही. आणि काम उत्तम झाले, तर फेकणारा याच्या दिशेला चेंडू टाकीतच नाही. म्हणजे जितका निष्णात, तितका दृष्टिआड! कोणत्याही धर्मग्रामातील सांक्रिस्तानला हे दुःख समजावून सांगावे लागणार नाही.

कॅसानोव्हाचा जन्म १९५० चा. बॅटन रूज येथील लुईझियाना स्टेट विद्यापीठातर्फे तो १९६९ ते १९७१ असे तीन हंगाम खेळला आणि तिन्ही वर्षी अखिल अमेरिकन संघात त्याची गणना झाली. त्या विद्यापीठात त्याआधी असे कुणाला साधले नव्हते. आमच्या वृद्ध मित्राचे डोळे चमकले ते १९७० च्या डिसेंबरातील मिसिसिपी विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याची आठवण सांगताना. प्रतिपक्षाने लाथेने दूर भिरकावलेला चेंडू झेलून कॅसानोव्हा थेट त्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे पोहोचला, आणि तेही एकाच सामन्यात दोनदा. ६१ विरुद्ध १७ असा तो सामना लुईझियानाने जिंकला. पुढल्या वर्षी हंगामाच्या आरंभी 'स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड'ने मुखपृष्ठावर त्याचे चित्र छापून त्यास देशातील सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हटले. त्याच हंगामात दुखापतीने त्यास कित्येक सामने बाहेर बसावे लागले. मुखपृष्ठांचे असेच असते.

१९७२ मध्ये सिनसिनाटीच्या व्यावसायिक संघाने त्यास निवडले. तिथे सहा हंगामांत त्याने प्रतिपक्षाचे सतरा चेंडू अधांतरी हिरावले आणि तीनदा सर्वोत्तमांच्या सामन्यात स्थान मिळवले. पण आम्ही कॉफीचा पेला खाली ठेवला तो पुढचे ऐकून. हा गडी खेळत असतानाच वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होता! १९७७ च्या हंगामानंतर, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, कीर्ती भर माध्यान्ही असताना त्याने मैदान सोडले, नेत्रवैद्य झाला आणि आपल्या क्रॉलीस परतला. १९९६ ते २००० अशी चार वर्षे तो राज्याच्या सिनेटचा सभासदही होता.

महाविद्यालयीन फुटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्याचे नाव १९९५ साली समाविष्ट झाले. या सन्मानासाठी खेळाडूची गणना एकदा तरी अखिल अमेरिकन पहिल्या संघात झालेली असावी लागते, आणि शेवटच्या हंगामानंतर किमान दहा वर्षे जावी लागतात. खेळाबरोबरच तो माणूस पुढे नागरिक म्हणून कसा जगला, हेही पाहिले जाते. ही थांबण्याची अट आम्हांस फार आवडली. कॅसानोव्हाच्या वाट्याला तर चोवीस वर्षांची प्रतीक्षा आली. योगायोग असा, की त्याच वर्षी या सन्मानाचे दालन नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठाच्या शेजारी, साउथ बेंड शहरात हलवले गेले. २०१४ पासून ते अटलांटास आहे.

हे सारे आम्ही स्वतःच्या कानांनी ऐकले होते. येताना सोबत आणलेल्या वहीत टिपूनही ठेवले होते. आणि तरी ती माता ओट्यावर बसली असताना त्यातील एक अक्षर आम्हांस आठवू नये! खेळ आणि शिक्षण यांतून एकच निवडावे लागते, हे आम्ही कुठल्या पुस्तकात वाचले होते? मुलाला डॉक्टर व्हायचे आहे की नाही, हेदेखील आम्ही विचारले नव्हते. आईच्या काळजीस आम्ही आपल्या झग्याचे वजन दिले, इतकेच.

तो मुलगा आज मुंबईत एका कचेरीत नोकरी करतो. पहाटेची लोकल गाठतो. संसार सुखाचा आहे, तक्रार कसलीच नाही. रविवारी दुपारी मात्र चर्चच्या मैदानावर लहान मुलांना जमवून तो फुटबॉल शिकवतो. मागच्या महिन्यात आम्ही त्याच्याजवळ जाऊन उभे राहिलो आणि ही कॅसानोव्हाची कथा त्यास सांगितली. २००९ सालीच ती आम्हांस ठाऊक होती, हेही लपवले नाही. तो बराच वेळ मैदानाकडे पाहत राहिला.

"फादर, तेव्हा का नाही सांगितलंत?"

आम्ही गप्प राहिलो. मग क्षमा मागितली. त्यास अवघडल्यासारखे झाले असावे. "नाही फादर, असू द्या," असे पुटपुटत तो उठला. मैदानाच्या एका कडेला, जिथे चेंडू सहसा येत नाही, तिथे एक किडकिडीत पोर कंटाळून गवत उपटीत बसले होते. तो त्याच्याजवळ गेला, त्याचे खांदे धरून त्याला उभे केले, आणि पाठमोरे कसे धावायचे ते स्वतः धावून दाखवू लागला.