सातपाटीच्या दादाला

प्रिय दादा,

परवा फोनवर तू चिडून म्हणालास, "धोका मोजायला साहेब लोक येतात, आम्हांला कोण विचारतं?" तुझा राग रास्त आहे. फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

या मोजणीतली मोठी खोट ही की माशांना असलेला प्रत्येक धोका सुटा मोजला जातो. वाढवण बंदरासाठी समुद्रात 1,448 हेक्टर भराव आणि दहा किलोमीटरहून लांब भिंत, याचा हिशोब एका अहवालात. ट्रॉलरचा दुसरीकडे, डोल जाळ्यात सापडणाऱ्या पिल्लांचा तिसरीकडे. पापलेटला मात्र हे सगळं एकदमच सोसावं लागतं. कागदावर एकेक धोका सौम्य ठरतो, पण त्यांची बेरीज कोण करणार?

त्यात ऋतूचा घोळ. पर्यावरण परिणामाच्या अहवालाला पावसाळा सोडून एका ऋतूची पाहणीही सहसा चालते. अरे, 1 जून ते 31 जुलै आपण होड्या ओढून ठेवतो, ते माशांच्या विणीसाठीच ना? नेमके तेच महिने पाहणीतून गळावेत, हे मला मुळीच पटत नाही.

आता तुझ्याकडे वळते. 2023 साली पापलेट राज्यमासा झाला आणि सरकारने 54 जातींचा किमान आकार ठरवला. पापलेट 135 मिलिमीटरच्या आतलं पकडायचं नाही. म्हणजे तुझं मधलं बोट आणि अर्धा तळवा. पावसाळी बंदी उठल्यावर टोपलीत त्याहून लहान किती असतात, तुला ठाऊक आहे. ती मेलेलीच वर येतात, परत टाकून काय उपयोग, हे तुझं म्हणणं खरं. म्हणून मला आधी हे कळायला हवं की किती वाव खोलीवर, केवढ्या आसाच्या जाळ्यात ती जास्त लागतात.

होडीच्या फळीवर 135 ची खूण कर. पोराला वहीत लिहायला सांग: तारीख, वाव, जाळ्याचा आस, उधाण की भांग, टोपलीत लहान किती. सोसायटीतल्या चार तांडेलांनी वर्षभर एवढं लिहिलं, तर पुढे एखाद्या प्रकल्पाच्या सुनावणीत नोंदी मांडता येतील आणि समोरच्याला त्यांना उत्तर द्यावं लागेल. त्या नोंदी आपल्याच डोलीविरुद्ध गेल्या तरी लपवू नकोस, दादा.

तक्ता आखून पाठवते. वहिनी लिलावाला बसते, कुठला रकाना राहिलाय ते तिला विचार.

तुझी बहीण