काठीवरचा लेप

राजूरच्या घरात वडिलांची गळाची काठी आढ्याला टांगलेली असे. मानवेलीची, पेरं तासून गुळगुळीत केलेली. तंगूस ओवायच्या तारेच्या कड्या तांबड्या दोऱ्याने करकचून बांधलेल्या आणि दोऱ्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे दोन हात. प्रवरेच्या काठी पावसात दोन दिवस काढले की तो लेप पांढरा पडे. लाखेला पाणी सोसत नाही, हे त्याला दहाव्या वर्षीच कळलं.

नगरला नोकरी लागल्यावर, मुळा धरणावर मरळीसाठी जाता-येता, त्याने व्हार्निश लावून पाहिलं. काठी वाकली की ते कडीच्या बुडाशी तडके, तड्यातून पाणी शिरे आणि दोरा सैल होई.

मग आलं एपॉक्सी. 1946 साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने ते अ‍ॅराल्डाइट नावाने बाजारात आणलं. आपल्याकडे घरोघरी तुटलेलं सांधायला त्याच्या दोन नळ्या असतातच. त्याने पाच मिनिटांत धरणारं आणलं, आणि तिथेच चुकला. दुसऱ्या कडीपर्यंत पोचेतो ब्रशमागे तारा निघू लागल्या. जे लागलं, ते पुढच्या उन्हाळ्यात पिवळं पडलं.

काठीला हवं असतं ते पातळ, सावकाश घट्ट होणारं आणि वाळल्यावरही काठीबरोबर वाकणारं एपॉक्सी. रेझिन आणि हार्डनर मापात काटेकोर. पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनर थोडा वाढवला की काम लवकर होतं. एपॉक्सीत मात्र रेणूला रेणू जुळावा लागतो, उरलेला हार्डनर तसाच राहतो आणि लेप कायमचा चिकट होतो. सिरिंजनेच मोजावं, पण तिच्या आत सिलिकॉनचं वंगण नको. त्याचा अंश जरी उतरला, तरी लेप जागोजागी मागे सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात.

आणि हवा! एकाच जिल्ह्यात दोन हवामानं. भंडारदऱ्याकडच्या ओल्या हवेत हार्डनर बाष्पाशी आणि कार्बन डायऑक्साइडशी जुळतो, लेपावर मेणचट साय धरते. नगरच्या सावेडीत मे महिन्याच्या दुपारी हेच मिश्रण वाटीतच तापून गोठतं. म्हणून कालवून झालं की तो ते लगेच अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलवर पसरतो: उष्णता निघून जाते, बुडबुडे वर येऊन फुटतात, हाताला जास्त वेळ मिळतो. त्याच्या मते लेप निवडताना चकाकी नंतर बघावी, आधी हा वेळ बघावा.

लेप लावल्यावर काठी काही तास फिरती ठेवावी लागते, नाहीतर तो खाली ओघळून थेंब लोंबतो. त्यासाठी त्याने मिनिटाला दहा फेरे घेणारी छोटी मोटर जोडली होती. भारनियमनाचे दिवस होते. एका रात्री नऊ कड्या लावून झाल्या आणि लाईट गेली.

वडील तेव्हा नगरलाच राहायला आलेले. त्यांनी कंदील लावला, खुर्ची ओढली आणि काठीचं बूड हातात घेतलं. "तू शेंड्याकडे बस," म्हणाले. कुठे थेंब धरतोय ते शेंड्याकडून तो सांगे आणि ते पाव फेरा देत. घाई नाही, बोलणंही फारसं नाही. लाखेला कधी इतका वेळ दिला नव्हता, एवढंच ते मध्येच म्हणाले. तिनाच्या सुमारास त्याने झाकणात उरलेल्या लेपात सुई टोचून वर उचलली. तार निघाली नाही. वडिलांनी मग काठी सोडली.