बाजार बंद, वॉर्ड सुरू

मे 2020 मध्ये नवी मुंबईतील वाशीचे एपीएमसी (कृषी उत्पन्न बाजार समिती) मार्केट कोरोनाचे मोठे केंद्र ठरले. भाजीपाला, फळे, कांदा-बटाटा, मसाला आणि धान्य या पाचही बाजारांत व्यापारी, माथाडी, वाहनचालक यांची सतत ये-जा होती. त्यामुळे 11 मेपासून आठवडाभर बाजार बंद ठेवून तपासणी आणि निर्जंतुकीकरण करावे लागले. पुढे वाशीच्याच सिडको प्रदर्शन केंद्रात महापालिकेचे कोविड रुग्णालय उभे राहिले.

अशा रुग्णालयाच्या वॉर्डात परिचारिकेचे काम संरक्षक पोशाखात चालते. तो घालण्यापेक्षा उतरवणे धोक्याचे. हातमोजे आणि झगा आधी, मास्क सर्वांत शेवटी आणि प्रत्येक टप्प्यावर हातांची स्वच्छता.

औषधांची जोखीम वेगळीच. कोविडवर दिल्या जाणाऱ्या डेक्सामेथासोनने रक्तातली साखर चढते, म्हणून मधुमेहींना इन्सुलिन लागते. भारतात ते मुख्यतः मिलिलिटरमागे 40 आणि 100 युनिट अशा दोन तीव्रतांत मिळते. सिरिंजही वेगळ्या, चाळीसची लाल टोपणाची, शंभरची नारिंगी. शंभरचे औषध चाळीसच्या सिरिंजमध्ये भरले, तर खुणेवर 20 दिसताना रुग्णाला 50 युनिट जातात आणि साखर जीवघेणी घसरू शकते. म्हणून कुपीवरचा आकडा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्या परिचारिकेने तो पडताळायचा. धूसर गॉगलमागून रुग्णाचा चेहरा नीट दिसत नाही, तेव्हा खाटेच्या क्रमांकावर न विसंबता नाव विचारायचे आणि डोस दिल्यावर लगेच नोंद करायची.