एकतीस वर्षांचा पट्टा

भांडवल उसने मिळते, पत मात्र उसनी मिळत नाही, हे व्यापारी घरात मुलांना फार लवकर कळते. पेढीचे नाव एका मोठ्या सौद्याने होत नाही. वर्षानुवर्षांच्या चोख व्यवहारातून ते उभे राहते. याच तत्त्वाचा प्रत्यय दूर ब्राझीलमधील एका स्त्रीच्या जीवनात येतो. त्यांचे नाव इव्होन दुआर्ते आणि त्यांचे क्षेत्र ब्राझिलियन जिउ-जित्सू.

ही विद्या मूळची जपानची. मित्सुयो माएदा हे जपानी मल्ल 1914 मध्ये ब्राझीलमध्ये आले. पुढे त्यांनी कार्लोस ग्रेसी या तरुणाला ती शिकवली. कार्लोस यांचे धाकटे बंधू हेलिओ शरीराने किरकोळ होते. बळापेक्षा तरफेच्या तत्त्वावर भर देऊन ग्रेसी बंधूंनी या विद्येला नवे वळण दिले. या खेळात ठोसा नाही, लाथही नाही. प्रतिस्पर्ध्याला जमिनीवर आणायचे, त्याच्या हालचाली बांधून टाकायच्या आणि सांध्याला किंवा मानेला अशी पकड घालायची की त्याने हार मान्य करावी. हार मानणाऱ्याने हाताने दोनदा थोपटले की पकड त्याच क्षणी सुटलीच पाहिजे. त्या क्षणानंतर दिलेला किंचितसा दाबही दोष ठरतो. भरत-बाहुबलींमधील मल्लयुद्धाची कथा ऐकत वाढलेल्या वाचकांना यातील मर्म सांगायला नको. सैन्यांचा संहार टाळून दोघांनीच बळाचा निवाडा करावा आणि हात वर उचललेला असतानाही तो आवरता यावा, ही त्या कथेची शिकवण आहे.

अशी ही संयमाची विद्या. पण स्त्रियांना मात्र तिचे दार कायद्यानेच बंद होते. 1941 मध्ये ब्राझील सरकारने हुकूम काढून, स्त्रीच्या प्रकृतीशी विसंगत असलेले खेळ तिने खेळू नयेत असे ठरवले. 1965 मध्ये राष्ट्रीय क्रीडा परिषदेने त्या खेळांची यादीच दिली. फुटबॉल, रग्बी आणि वॉटर पोलो यांच्याबरोबर सर्व प्रकारच्या कुस्त्या त्या यादीत होत्या. ही बंदी उठली 1979 मध्ये.

इव्होन यांचा जन्म रोराइमा प्रांतातील बोआ व्हिस्टा या गावचा. देशाच्या पार उत्तर टोकाला, विषुववृत्ताच्याही पलीकडे असलेली ही प्रांतिक राजधानी. तेथून त्या रिओ द जानेरोला आल्या आणि 1978 मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्यांनी जिउ-जित्सू शिकायला आरंभ केला. बंधू पास्कोआल हेही याच मार्गावरचे. त्यांनी गादीवर पाऊल ठेवले, तेव्हा बंदी अजून कागदावर कायम होती.

बंदी उठली म्हणून स्पर्धा सुरू झाल्या असे घडले नाही. हुकूम एका सहीने रद्द होतो. मनातली चौकट तशी पुसली जात नाही. मुलींसाठी वेगळा गट नव्हता, बरोबरीच्या मैत्रिणीही नव्हत्या. सराव करायचा तो मुलांबरोबर. रिओमध्ये स्त्रियांची पहिली स्पर्धा भरायला 1985 साल उजाडावे लागले. त्यासाठी आग्रह धरणाऱ्यांत इव्होन होत्या आणि त्या स्पर्धेत विजयी झालेल्यांतही त्या होत्या. तोवर त्यांच्या साधनेला सात वर्षे झाली होती. ज्या सामन्याची तारीखच ठरलेली नाही, त्याच्यासाठी रोज तयारी करणे हीदेखील एक तपश्चर्याच होय.

जिउ-जित्सूत पाठीवर पडलेला मल्ल हरला असे मानत नाहीत. खाली राहून पायांनी प्रतिस्पर्ध्याला अडवायचे, त्याच्या वजनाचाच उपयोग करून घ्यायचा आणि संधी येताच डाव उलटवायचा, ही या विद्येची खासियत आहे. इव्होन यांची वाटचालही काहीशी अशीच झाली. ज्या जागेला जग पराभव समजत होते, त्याच जागेवरून त्या शांतपणे पुढे सरकत राहिल्या.

पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी आणि मग काळा, असा पट्ट्यांचा क्रम आहे. 1990 मध्ये त्यांचे गुरू ओस्वाल्डो आल्वेस यांनी त्यांना काळा पट्टा बांधला. या विद्येत काळा पट्टा मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री मानल्या जातात. पुढे ब्राझिलिया येथे बंधूंसह त्यांनी अध्यापन केले. 1996 मध्ये सुरू झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत स्त्रियांना प्रवेश मिळाला तो 1998 मध्ये. तोवर इव्होन यांचा काळा पट्टा आठ वर्षांचा झाला होता.

काळ्या पट्ट्याच्या पुढचा हिशेब व्यापारी मनाला विशेष भावेल. पहिल्या तीन श्रेणींना प्रत्येकी तीन वर्षे, पुढच्या तिन्हींना प्रत्येकी पाच आणि सातवीला आणखी सात. बेरीज 31. ही वर्षे विजयांनी कमी होत नाहीत आणि पैशाने विकतही मिळत नाहीत. ती विद्येच्या सेवेतच घालवावी लागतात. सातव्या श्रेणीला लाल-काळा पट्टा मिळतो. त्याला ‘कोरल’ पट्टा म्हणतात. 1990 मध्ये 31 मिळवले की 2021 येते, आणि नेमक्या त्याच वर्षी हा पट्टा इव्होन दुआर्ते यांच्या कमरेला आला. या श्रेणीला पोहोचणाऱ्याही त्या पहिल्याच स्त्री.

आज जगभर असंख्य मुली ही विद्या शिकतात. त्यांच्यातल्या अनेकींना 1965 ची ती यादी ठाऊकही नसेल, आणि तसेच असावे. वाट रुळली की ती कोणी पाडली हे चालणाऱ्याला आठवत नाही. भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंकविद्या दिली, असे आपली परंपरा अभिमानाने सांगते. कन्येच्या हाती विद्या देणे हे त्या परंपरेला नवे नाही. मात्र एखादी मुलगी अनोळखी विद्येकडे वळली, की घरातून पहिला प्रश्न येतो तो ‘याचा उपयोग काय?’ हाच. काही खाती अशी असतात की त्यांची शिल्लक पहिल्या वर्षी दिसत नाही, दहाव्या वर्षीही दिसत नाही. तोवर ते खाते बंद करू नये, एवढे भान मात्र घराने ठेवावे.