गाण्याचा उंबरठा

एखादे गाणे आपल्याला नेमके कोणत्या क्षणी ओळखू येते, याचा आपण कधी विचार केला आहे काय? बहुधा शब्द कानी पडण्यापूर्वीच, पहिल्या पाच-सात सुरांत, ती ओळख पटलेली असते. आम्हां भाषांतरकारांना लेखाच्या पहिल्या वाक्याची जी चिंता, तीच संगीतकाराला या आरंभीच्या सुरांची.

जयपूरला राहावयास आल्यापासून मला हे विशेष जाणवू लागले. लग्नसराईत परकोट्याच्या आतील रस्त्यांवरून वराती निघतात. बँडमध्ये गायक नसला, तरी ट्रंपेटवाला एखाद्या चित्रपटगीताच्या आरंभीचे चार सूर फुंकतो आणि आजोबांपासून नातवंडांपर्यंत साऱ्यांची पावले एकदम ठेका धरतात.

या सुरांचे मोल अमेरिकेतील आरंभीच्या रॉक अँड रोलने उत्तम ओळखले होते. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. तेव्हा श्रोत्याला उंबरठ्यावरच गाठणे भाग होते. बिल हेली यांनी १९५४ साली ध्वनिमुद्रित केलेल्या 'रॉक अराउंड द क्लॉक'मध्ये ड्रमचे कोरडे ठोके पडतात आणि घड्याळाचे तास मोजले जातात. पुढच्याच वर्षी 'ब्लॅकबोर्ड जंगल' या चित्रपटाच्या नामावलीबरोबर ते वाजले आणि देशोदेशीच्या तरुणांना त्याने वेड लावले. चक बेरी यांच्या १९५८ सालच्या 'जॉनी बी. गुड'मध्ये तर प्रथम गिटारच बोलू लागते, आणि गायकाला जणू तिच्या मागोमाग धावावे लागते.

मौज अशी की, ही जगप्रसिद्ध सुरावट मुळात बेरी यांची नव्हे. लुई जॉर्डन यांच्या १९४६ सालच्या एका गाण्याच्या आरंभी कार्ल हॉगन या गिटारवादकाने ती जवळजवळ तशीच वाजविली होती. बेरी यांनी हे ऋण मोकळेपणाने मान्य केले. तरीही आज हॉगन हे नाव किती जणांना ठाऊक आहे?

आपल्याकडेही असेच घडले. पुणतांब्यास जन्मलेले रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांनी 'अलबेला' (१९५१) आणि 'आशा' (१९५७) या चित्रपटांतून पाश्चात्त्य नृत्यसंगीताचा ठेका घरोघरी पोहोचविला. त्यांच्या वाद्यवृंदात गोव्यातील हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ होते. ट्रंपेटवादक चिक चॉकलेट या नावाने मुंबई त्यांना ओळखत असे. स्वरलिपी जाणणारे असे कितीतरी गोमंतकीय वादक आणि वाद्यवृंद-संयोजक चित्रपटगीतांचे आरंभ सजवीत असत. तबकडीवर मात्र गायक, गीतकार आणि संगीत-दिग्दर्शक यांचीच नावे सहसा छापली जात.

अनुवाद करणाऱ्याला ही गोष्ट जवळची वाटावी, यात नवल नाही. दुसऱ्याचे घेऊन आपल्या भाषेत मांडणे हाच आमचा व्यवसाय. घेण्यात मला उणेपणा वाटत नाही. परंतु कोणाकडून घेतले, हे सांगितलेच पाहिजे, असे मात्र वाटते.

या बाबतीत जयपूरचे नाव धारण करणाऱ्या गायनपरंपरेकडून शिकण्यासारखे आहे. १९७७ साली अमेरिकेने सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांत पृथ्वीवरील निवडक संगीताची एकेक सोनेरी तबकडी आहे. तीत 'जॉनी बी. गुड' आहे आणि जयपूर-अत्रौली घराण्याच्या, गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची भैरवीही आहे. केसरबाईंचे गुरू अल्लादियाखाँ. त्यांच्या उल्लेखाखेरीज केसरबाईंच्या गाण्याविषयी बोलणे पुरेच होत नाही. गुरूचे नाव उच्चारताना कानाची पाळी धरण्याची आपल्या गायकांची रीत प्रसिद्धच आहे. हॉगनची सुरावटही त्याच यानांतून आंतरतारकीय अवकाशात निघून गेली आहे. पण तिच्यासाठी कानाची पाळी धरणारे थोडेच.

म्हणून एक विनंती. आज घरी एखादे आवडते जुने गाणे लावाल, तेव्हा मुलांना जवळ बसवा आणि शब्द सुरू होण्यापूर्वी त्यांना विचारा, "हे कोणते वाद्य? वाजविणारा कोण असेल?" मग सर्वांनी मिळून त्याचे नाव शोधा. ते सापडले, तर गाण्याच्या नावाशेजारी लिहून ठेवा.